मंजुळाचं औषध

लोणार, ३ सप्टेंबर १९६३

आज बाजारात हिंमतरावांनी चार लोकांदेखत हाक मारली. त्यांचं बसथांब्याजवळ औषधाचं दुकान आहे. मी गवारीच्या शेंगा निवडत होतो. ते दुकानातूनच ओरडले, "साहेब, थेंबाची बाटली संपली हो. परवाच्या मोटारीनं माल येईन. घरी सांगजा."

कसले थेंब, म्हणून विचारलं तर ते गोंधळले. "बाई नेतात ना नेहमी. तपकिरी बाटलीतले."

शेजारी ग्रामपंचायतीचे दोघं उभे होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "हां, ते होय. ते माझ्यासाठी असतात. पोटाचा त्रास आहे."

असं का बोललो कळत नाही. शेंगा अर्ध्याच घेऊन घरी आलो.

फाल्गुनात मंजुळाच्या पोटात कळा यायच्या, झोप लागायची नाही. तेव्हा ते थेंब मीच आणून दिले होते. आठवडाभराचं काम होतं. आता भादवा निम्मा सरला.

४ सप्टेंबर

विचारलं. आधी नाही म्हणाली. मग उठून स्वतःच बाटली आणून माझ्यापुढं ठेवली आणि पुन्हा भिंतीला टेकून बसली. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. दूध उतू जाऊन चुलीत सांडलं होतं, त्याचा वास घरभर, आणि हिला पत्ता नाही.

"हे कशासाठी घेतेस?"

"बरं वाटते."

"म्हणजे काय होतं?"

"कायी होत नाही. म्हणूनच बरं वाटते."

औषधाच्या गुंगीत ती माहेरचं, वडनेर भोलजीचं बोलू लागते. मले, तुले. अधिकाऱ्याच्या बायकोला ते शोभत नाही, हे मी लग्नापासून सांगत आलो आहे. एरवी लक्षात ठेवते.

कोणाला कळता कामा नये. पुढच्या महिन्यात नशाबंदी सप्ताह आहे. समाजशिक्षणाचं काम माझ्याकडं, म्हणजे गावोगाव व्याख्यानं मलाच द्यायची. आणि माझ्याच घरात हे.

७ सप्टेंबर

नव्या बाटलीतलं औषध न्हाणीत ओतलं. ती बघत होती, रडली नाही. आता निश्चयानं राहायचं, म्हणून सांगितलं. मनाचा हिय्या असला की सगळं सुटतं. मी सुपारी अशीच एका दिवसात सोडली होती.

९ सप्टेंबर

काल सकाळपासून तिला जांभयांवर जांभया येत होत्या. नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा. मी म्हटलं, सर्दी झाली, सुंठ घे. मला टिटवीला सभेला जाणं भाग होतं. गेलो.

दुपारनंतर परतलो तर दार उघडं. मंजुळा जमिनीवर पाय झाडत होती, लुगडं खराब झालेलं, उलट्यांनी अंगात त्राण नव्हतं. तिच्या डोक्याशी तानाबाई बसलेल्या. तानाबाई आमच्या मागच्या गल्लीतल्या. त्यांचे यजमान भाऊराव जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. बौद्ध आहेत. त्यांनी आमच्या चुलीवर तांदळाची पेज केली होती. मी त्याबद्दल काही बोललो नाही. काही बोललो नाही याचं मला आधी बरं वाटलं, आणि आता लिहिताना त्या बरं वाटण्याची लाज वाटते आहे. अस्पृश्यता निवारणावरही व्याख्यानं मीच देतो.

त्यांनी हिंमतरावांकडून बाटली आणून मंजुळाला थेंब पाजले होते.

मी चिडलो. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"कोनी नाही सांगितलं. मरू देऊ का मंग?" त्या म्हणाल्या. पेजेचं भांडं झाकलं आणि गेल्या.

म्हणजे तानाबाईंना ठाऊक आहे. किती दिवसांपासून, ते विचारायचा धीर झाला नाही.

१३ सप्टेंबर

पितृपक्ष. आईबाबांचं पान ठेवलं. मंजुळानं स्वयंपाक नीट केला, वडेसुद्धा. पान वाढता वाढता म्हणाली, "लहान्याइचं नसते का?"

मी सांगितलं, नसतं. एवढ्या लहान मुलांचं काही करत नाहीत, शास्त्रात नाही. तिनं मान हलवली.

जेवण चांगलं झालं. दुपारी मी वामकुक्षी घेतली. उठलो तेव्हा ती घरात नव्हती. तळ्याकडून येताना दिसली. पाय चिखलानं भरलेले. हवा खायला गेले होते म्हणाली. हवापालट चांगलीच, मी आडकाठी केली नाही.

२१ सप्टेंबर

एका गावी वैद्यबुवा नशा सोडवतात असं ऐकलं, म्हणून तिकडच्या दौऱ्यात वाट वाकडी केली. गाव मुद्दाम लांबचं निवडलं. तिथं मला कोणी ओळखत नाही. तरी बायकोचं नाव कसं सांगायचं? माझंच दुखणं म्हणून सांगितलं. पोटात कळा आल्या, थेंब घेतले, आता सुटत नाहीत.

बुवांनी नाडी पाहिली. "सहा महिने घेतलं आन् रंग असा लालबुंद? नशिबवान आहा."

एक चूर्ण दिलं. ते मी मंजुळाच्या चहात न सांगता घातलं. तिनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "यात काय टाकलं?" मी काही नाही म्हणालो. तिनं माझ्याकडं पाहत सगळा चहा पिऊन टाकला. संध्याकाळभर ओकत होती.

खोटं आता मला सरावाचं झालं आहे.

२ ऑक्टोबर

सप्ताहाचं उद्‌घाटन. मारुतीच्या पारावर माझं व्याख्यान. मोहाची, हातभट्टीची, गांजाची, सगळ्यांची झाडाझडती घेतली. व्यसनी माणूस घराला कलंक असतो, या वाक्याला नेहमी टाळी पडते. आज पडली नाही. मागून एकजण म्हणाला, "साहेब, थेंब थेंब घेतलं तं चालते का?"

लोक हसले. पाटलांनी दटावलं, पण हसू त्यांच्याही मिशीत होतं.

म्हणजे गाव मलाच अफूबाज समजतं. हिंमतरावांच्या दुकानासमोर मी बोललो ते पुरलं. आणि मनाच्या एका कोपऱ्यात असंही आलं की बरं झालं, तिचं नाव तर नाही आलं. मी तिच्यासाठी एवढं सोसतो आहे, हे तिला कधी कळेल?

९ ऑक्टोबर

आज बुलढाण्याला मोठ्या डॉक्टरांकडं गेलो. ऑफिसात मीटिंगचं कारण सांगितलं. डॉक्टर नागपूरला शिकलेले, बोलायला तुटक. तिथंही मी माझंच दुखणं म्हणून सगळं सांगितलं. त्यांनी खिडकीजवळ नेऊन माझ्या डोळ्यांत पाहिलं, दंड दाबून पाहिला आणि खुर्चीत बसले.

"तुम्ही काहीही घेत नाही. घरी कोण घेतं?"

म्हणालो, "बायको."

"कधीपासून?"

"फाल्गुनापासून. पोटदुखीचं निमित्त झालं."

"त्याच सुमाराला घरात काही घडलं होतं?"

"विशेष नाही." मग म्हणालो, "मुलगी गेली. तापानं. चालायला लागली होती."

डॉक्टरांनी विचारलं, "नाव काय होतं?"

"वत्सला." बायको तिला वच्छी म्हणायची. फाल्गुनानंतर आमच्या घरात ते नाव कोणी उच्चारलेलं नाही. मीच घेऊ नको म्हणालो होतो. नाव घेतलं की मंजुळा जेवत नसे.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. या थेंबांत अफू असते. एकदम बंद केलं की शरीर तडफडतं, त्यात हिय्याचा काही संबंध नाही. हळूहळू कमी करत न्यावं लागतं, मोजून, डॉक्टरच्या हातून. नागपूरच्या मोठ्या इस्पितळात ठेवता येईल. नाहीतर लोणारच्या दवाखान्यातले डॉक्टर भगवंतराव त्यांच्या ओळखीचे आहेत, ते करतील. मात्र तिनं रोज सकाळी स्वतः जाऊन त्यांच्यासमोर औषध घ्यायला हवं.

"रोज? सगळ्यांसमोर?"

"दवाखाना आहे तो," डॉक्टर म्हणाले. "तमाशा नाही."

मोटारीत बसल्यावर ठरवलं, नागपूरच बरं. तिथं सोयी चांगल्या असतील. इथं सांगता येईल की माहेरी गेली आहे.

१० ऑक्टोबर

तिला नागपूरचं सांगितलं. पहिल्यांदाच ती मला सरळ नाही म्हणाली.

"मी लोनार सोडून कुठं जात नाही."

"अगं, बरी होशील तिथं."

"नाही झाली बरी तं नाही झाली. माही पोर इथं आहे. तळ्यापाशी कुठंतरी."

कुठंतरी, म्हणाली. औषधामुळं तिचं बोलणं असं मोघम होऊ लागलं आहे. मी पुष्कळ समजूत घातली. नागपूरच्या इस्पितळातली माणसं वेडी नसतात, तिथं बाग आहे वगैरे. बाग आहे की नाही मला माहीत नाही.

शेवटी हरलो. दिवाळी झाली की भगवंतरावांकडं जाऊ.

२१ ऑक्टोबर

आजपासून सुरू झालं. दवाखान्यात जायची वाट भर बाजारातून जाते. मी चार पावलं पुढं, ती मागं. भगवंतराव वयस्कर आहेत, ऐकायला जरा कमी, त्यामुळं मोठ्यानं बोलतात. "किती घेत होता बाई? खरं सांगा, खोटं सांगाल तर माझंही औषध खोटं होईल." आवाज व्हरांड्यापर्यंत आला. मी व्हरांड्यातच उभा होतो. बाकावर बसलेल्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरचं देवीच्या लशीचं चित्र पाहत राहिलो.

आता औषध थोडं थोडं कमी करत नेणार. घरी एकही बाटली ठेवायची नाही.

३ नोव्हेंबर

तिला झोप नाही, पोटऱ्या ओढतात. भूक मात्र लागते आहे. तानाबाई दुपारी येऊन बसतात. मी त्यांना येत जा म्हणालो, म्हणजे ती एकटी राहत नाही. चुलीबद्दलचं माझं मन अजून पूर्ण साफ नाही, पण त्यांच्या हातची पेज आज मीही प्यालो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पळी धुवायला घेतली.

८ नोव्हेंबर

आज दवाखान्यातून परतताना मंजुळा म्हणाली, "तुमी आत काऊन येत नाही?"

"आत बायकांची गर्दी असते."

"तुमी बाहीर उभे राहता. लोकाइले वाटते तुमचंच औषध आहे आन् मी सोबत आली."

मी म्हणालो, "वाटू दे. तुझ्यावर बोल येण्यापेक्षा माझ्यावर आला तर काय बिघडलं?" कित्येक दिवस मनात होतं ते बोललो. तिला भरून येईल असं वाटलं होतं.

ती चालत राहिली. हिंमतरावांचं दुकान मागं पडल्यावर म्हणाली, "माह्यासाठी नाही करत तुमी ते. माहं नाव घ्यायची लाज वाटते तुमाले."

रात्री जेवण झालं नाही माझं. हे पान तिसऱ्यांदा लिहितो आहे. तिचं म्हणणं खोडून काढणारं एकही वाक्य सुचत नाही.

१४ नोव्हेंबर

बाटली सापडली. सापडली असंही म्हणता येत नाही, तिनंच भगवंतरावांना सांगून टाकलं की परवापासून घरी वेगळं घेते आहे. पाय फार ओढत होते म्हणे. मला आधी सांगितलं नाही. का सांगेल?

भगवंतराव रागावले नाहीत. म्हणाले, "होतं असं. पुन्हा दोन पायऱ्या मागून चढू." मग माझ्याकडं वळले. आज मी आत होतो. "साहेब, दुकानाचं तेवढं बघा."

दवाखान्यातून मंजुळाला सोबत घेऊनच हिंमतरावांकडं गेलो. दुकानात पाचसहा गिऱ्हाइकं होती. हिंमतराव नेहमीच्या लगबगीनं म्हणाले, "या साहेब. पोट कसं आहे?"

व्याख्यानाला शब्द आपोआप येतात, इथं एकेक जुळवावा लागला.

म्हणालो, "माझ्या पोटाला काही झालेलं नाही. मी तुमच्याशी खोटं बोललो. औषध यांना लागत होतं. मुलगी गेल्यावर यांना अफूच्या थेंबांची सवय लागली. आता दवाखान्यात इलाज चालू आहे. त्यांना बाटली देऊ नका. त्यांनी मागितली तरी नाही, आणि मी मागितली तरी नाही."

कोणी हसलं नाही. हिंमतराव फडक्यानं काच पुसू लागले. मग मंजुळाकडं पाहून म्हणाले, "बाई, मले वाटे पोटच दुखते. खरंच."

"तुमी काय करान," मंजुळा म्हणाली.

परतताना आज ती माझ्या बरोबरीनं चालली. मी पावलं आखडली की तिनं उचलली, लक्षात नाही. लाज गेली असं मुळीच नाही. सबंध बाजार पाठीवर बसल्यासारखा वाटत होता.

१९ नोव्हेंबर

ऑफिसच्या कामानं बाहेर पडलो तर वेशीपाशी उकंडराव नावाच्या शेतकऱ्यानं सायकल अडवली. तोंडओळखीचा माणूस. मला वाटलं, आता ऐकवणार. तो इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, "साहेब, दारूचंही करते का तो डॉक्टर? माह्या भावासाठी पायजे होतं."

"विचारून सांगतो," म्हणालो. मग म्हणालो, "नाही, उद्या सकाळी त्याला घेऊनच या. आम्ही तिथंच असतो."

तो म्हणाला, "सगळ्याइच्या समोर?"

नुसता "हो" म्हणालो.

२ डिसेंबर

उकंडरावांचा भाऊ दोनदा आला आणि यायचा थांबला. मंजुळा मात्र जाते. औषध आता नावाला उरलं आहे. दिवसा जागी असते, आणि जागी असली की रडते. आधी मला वाटलं, हे उलटंच झालं. भगवंतरावांना म्हणालो, औषध कमी झालं आणि दुःख वाढलं. ते कानाला हात लावून म्हणाले, "काय?" मी पुन्हा मोठ्यानं सांगितलं. सगळ्या बाकांनी ऐकलं.

"वाढलं नाही, साहेब," ते म्हणाले. "होतं तेवढंच आहे. झाकण निघालं."

११ डिसेंबर

शेवटचं औषध काल झालं. भगवंतराव म्हणाले, वर्षभर जपा, मोह होईल तेव्हा लपवू नका, इथं या. मंजुळानं त्यांना वाकून नमस्कार केला. घरी आल्यावर ज्वारीच्या भाकरी केल्या, पिठल्यात मीठ जास्त पडलं. मी चांगलं झालं म्हणालो. ती म्हणाली, "खारट आहे. खोटं काऊन बोलता?"

संध्याकाळी तानाबाई परसात शेंगा सोलत होत्या. मी विचारलं की मंजुळा दुपारची तळ्याकडं जाते तेव्हा कुठं बसते. मला एवढंच पाहायचं होतं की जागा पडकी, धोक्याची तर नाही.

"रोज येगळ्या जागी," तानाबाई म्हणाल्या. "कधी देवळामागं, कधी बाभळीत. कोन्या जागी ठेवलं ते त्याइले ठाव आहे का? बाया कुठं जातात मातीले. तुमाले इचारलं तं तुमी सांगितलं नाही म्हणे."

विचारलं होतं. फाल्गुनात, दुसऱ्या दिवशी. "कुठं ठेवलं?" मी म्हणालो होतो, आता ते कशाला, विसर. तिच्या भल्यासाठी म्हणालो होतो. ऑक्टोबरातलं माझं पान काढून पाहिलं. कुठंतरी, म्हणाली, औषधामुळं मोघम बोलते, असं मी लिहून ठेवलं आहे.

१२ डिसेंबर

रजा टाकली. जेवण झाल्यावर मंजुळाला म्हणालो, "चाल."

"कुठं?"

"वच्छीकडं."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चपला घालायलाही थांबली नाही.

तळ्याच्या वरच्या कडेनं गेलो. पावसाळ्यात सगळं रान माजलं होतं आणि मला जागा ओळखू येईना. दोनदा चुकलो. ती मागून येत होती. शेवटी एका हिवराच्या बुंध्याशी ते तीन चपटे दगड दिसले. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून मीच वर ठेवले होते. मधल्या दगडाला गवतानं वेढलं होतं.

"इथं आहे ते," मी म्हणालो. "डोकं तिकडं. तुह्या मायनं शिवलेलं झबलं घातलं होतं."

मंजुळा खाली बसली. हातानं गवत उपटलं, सगळं, मुळासकट. दगडावर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मग खाली, दूर, पाण्याच्या काठाकडं पाहिलं.

"एवढ्या वर होय," ती म्हणाली. "मी तं खाली पाण्याजोळच बसून तिच्याशी बोलत होती. ते तिले ऐकू बी आलं नसन."

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. पायवाटेनं लाकडं घेऊन बायका चालल्या होत्या. थांबून पाहत होत्या. एकीनं मला ओळखलं, बाकीच्यांना सांगितलं.

मी उठलो नाही.